पास-मीमांसा, वेरूळच्या अनुषंगाने

सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचा हिशोब स्प्रेडशीटमध्येच का ठेवतात, या विषयावर मराठीत अद्याप प्रबंध झालेला नाही. वीरगळांवर झाले, जात्यावरच्या ओव्यांवर झाले. पण पुण्या-संभाजीनगरातल्या कितीतरी तरुणांचा दिवस ज्या हिरव्या-लाल चौकटींत जातो, त्यांच्याकडे विद्वानांनी ढुंकूनही पाहिले नाही. ही उणीव येथे भरून काढली जात आहे. आमचे प्रतिपाद्य एवढेच, की टेस्ट केसच्या शीटमध्ये सॉफ्टवेअरविषयी फारसे काही नसते. ती भरणारा माणूस जागेवर गेला होता की नव्हता, याचा तो दस्तऐवज असतो. हे सिद्ध करायला वेरूळइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

परंपरेप्रमाणे आधी कालनिर्णय. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क बाजारात आले आणि त्याच साली ग्लेनफर्ड मायर्स यांचे सॉफ्टवेअर-चाचणीवरचे गाजलेले पुस्तक निघाले. १९८३ साली लोटस १-२-३ आले, चाचणीची कागदपत्रे कशी असावीत हे सांगणारे आयईईई ८२९ हे मानक आले, आणि वेरूळची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. या तीन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असे म्हणणारा एक पक्ष आहे. तो पक्ष बरोबर आहे, परंतु प्रबंधाला त्याचा काही उपयोग नाही.

शीटची अंगे सगळीकडे सारखीच: आयडी, मॉड्यूल, प्रीकंडिशन, स्टेप्स, एक्स्पेक्टेड, ॲक्चुअल, स्टेटस, रिमार्क्स. शिवाय दोन-तीन रकाने असे, की ते कशासाठी आहेत हे टीममध्ये कोणालाच ठाऊक नसते. मागच्या प्रोजेक्टच्या टेम्प्लेटबरोबर ते आलेले असतात आणि कायम रिकामे राहतात. या रकान्यांना हसण्यापूर्वी दहाव्या लेण्याचे छत पाहून यावे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. डोंगराला आतून वाशांचा आधार लागत नाही. पण पूर्वीच्या लाकडी इमारतींना वासे होते, म्हणून दगडालाही आले. टेम्प्लेटला हात लावायची हिंमत तेव्हाही कोणाला झाली नव्हती.

आता वादाचा रकाना: एक्स्पेक्टेड. तो चाचणीच्या आधी भरावा की नंतर? पूर्वपक्ष, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असलेला पक्ष, म्हणतो की आधी ॲक्चुअल पाहावा आणि तोच एक्स्पेक्टेडमध्ये चिकटवावा. दोन्ही तंतोतंत जुळतात आणि घरी जाता येते. उत्तरपक्षाला आधार आहे तो कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तल्या गोष्टीचा. राजा दुखण्यातून उठावा म्हणून राणीने वेरूळला शिवालयाचा नवस केला आणि शिखर दिसेपर्यंत अन्न वर्ज्य केले. इतर स्थपतींनी हात टेकले. पैठणचा कोकास म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो; आणि त्याने डोंगर माथ्याकडून कोरायला घेतला. शीटमध्ये हे असे उतरते: प्रीकंडिशन, राणी उपाशी; एक्स्पेक्टेड, शिखर दिसावे; ॲक्चुअल, दिसले; स्टेटस पास, राणी जेवली. सभामंडपाचे काय, पायाचे काय, असे विचारणाऱ्यांना सांगायचे की त्या केसेस पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतल्या आहेत. आधी दर्शनी भाग दाखवून क्लायंटला जेवायला बसवण्याची चाल बंगळुरूची नव्हे, पैठणची आहे.

इतिहास मात्र या शिवालयाचे, म्हणजे कैलास लेण्याचे, श्रेय राष्ट्रकूट कृष्ण पहिला याला देतो. काळ आठव्या शतकाचा उत्तरार्ध. पुढे नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचे वर्णन आले. विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झालेच, पण ज्याने ते घडवले तो स्थपतीही, हे माझ्या हातून झाले तरी कसे, म्हणून थक्क झाला, असा त्याचा आशय. ‘कसं चालतंय माहीत नाही, पण आता कोणी हात लावू नका’ ही डेव्हलपरची कबुली इतक्या टिकाऊ माध्यमावर पुन्हा कोणी नोंदवलेली नाही.

आयडीच्या रकान्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. नमुन्यादाखल लेण्यांचीच शीट करून पाहा. बौद्ध लेणी १ ते १२, हिंदू १३ ते २९, जैन ३० ते ३४. पहिल्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत १-१२ टाइप करून एंटर दाबले, की भारतीय मांडणीत तिथे १ डिसेंबर उमटतो. बौद्ध लेण्यांच्या काळावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या खल करीत आले. एक्सेलने दिवसासकट निकाल दिला, आणि तोही चालू वर्षातला. १३-२९ आणि ३०-३४ मात्र जसेच्या तसे राहतात. बाराच्या पुढचा महिना अधिकमासाशिवाय येत नाही, आणि अधिकमास मायक्रोसॉफ्टला ठाऊक नाही. मॉड्यूल ३ मधली चौथी केस म्हणून कोणी भाबडेपणाने ३-४ लिहितो, आणि रिग्रेशनच्या वेळी डेव्ह, म्हणजे डेव्हलपर, विचारतो, “तीन एप्रिलला नेमकं काय फुटलं होतं?” याच खोडीपायी २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीला मार्च-१, सेप्ट-१ यांसारख्या जनुकांची नावे बदललेली जाहीर करावी लागली. शास्त्रज्ञांनी हार मानली. टेस्टर आयडीच्या आधी एक अवतरणचिन्ह ठोकतो आणि पुढे जातो.

बाउंड्री व्हॅल्यू, म्हणजे मर्यादेच्या काठावर तपासणे, ही कल्पना परदेशी पुस्तकांतून आली असा एक गैरसमज आहे. लेण्यांच्या तिकिटांचे सॉफ्टवेअर तपासायचे आहे असे धरू. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून वय १४, १५, १६ अशा तीन केसेस. मंगळवारी लेणी बंद, म्हणून सोमवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी उद्याचे तिकीट मागायची चौथी. पण यातले सारे एसटीत आधीच होऊन गेले आहे. अर्धे तिकीट पाच ते बारा वर्षांना. कंडक्टर आईला वय विचारतच नाही. ते इनपुट त्याने केव्हाच अवैध ठरवलेले असते. तो थेट पोराकडे वळतो, “कितवीला रे?” पोर इमानदारीत सांगते, “आठवीत.” आणि आई पापणी न हलवता म्हणते, “हुशार आहे, लवकर घातलाय शाळेत.” याहून कसदार निगेटिव्ह टेस्ट आमच्या पाहण्यात नाही.

येथवर प्रस्तावना झाली. मुख्य विषय स्टेटसचा.

‘पास’ या नोंदीचे मूळ आमच्या मते गाव नमुना बारामध्ये आहे. सातबाऱ्याच्या या खालच्या अर्ध्या भागात पिकाची नोंद होते आणि तलाठ्याने ती बांधावर जाऊन करावी अशी अपेक्षा होती. चावडीत बसून मागच्या सालचे पीक पुढे ओढण्याची प्रथा किती जुनी, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे: शेतात मोसंबी आणि उताऱ्यावर बाजरी. टेस्टरही तेच करतो. पहिल्या ओळीत पास लिहितो, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका माऊसने धरतो आणि खाली ओढतो. बघता बघता मॉड्यूल हिरवेगार. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढायचा, ॲप अक्षांश-रेखांश टिपणार. आयटीत यालाच स्क्रीनशॉट जोडणे म्हणतात. त्यावरचा उतारा म्हणजे मागच्या रिलीजचा स्क्रीनशॉट. फक्त खालच्या कोपऱ्यातली तारीख कापायची राहते, आणि लीड नेमकी तेवढीच पाहतो.

जागेवर जाऊनही चूक होते, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि त्यासाठीच वेरूळ. अकराव्या लेण्याला दोन ताल म्हणतात. लोक जागेवर गेले, मजले मोजले, दोन भरले. खोटे कोणी बोलले नाही. तळमजला मातीने बुजलेला होता. १८७६ साली माती निघाली आणि तिसरा मजला बाहेर आला. शेजारचे बारावे लेणे तीन ताल. आता दोन्हींचे मजले तीन-तीन, पण अकराव्याचे नाव आजही दोन तालच. ॲक्चुअल बदलला, एक्स्पेक्टेड अपडेट करायला कोणाला सवड झाली नाही. गाइड रोज पर्यटकांना हे हसतमुखाने समजावून सांगतात. धंद्यात याला ‘नोन इश्यू’ म्हणतात.

रिमार्क्सचा रकाना हा शीटचा ‘इतर अधिकार’ होय. सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून कोणी जमीन घेत नाही. बोजा, कुळे, वाद सारे ‘इतर अधिकार’मध्ये दडलेले असते. तसेच इथे. ‘पास’पुढे ‘ॲज डिस्कस्ड’ दिसले तर कोणाशी, हे विचारावे. ‘डेव्हच्या मशीनवर चालते’ असेल तर डेव्हची मशीनच क्लायंटकडे पाठवणार का, हे विचारावे. ‘सर्व्हर डाउन होता, बहुतेक चालेल’ या शेऱ्यातला ‘बहुतेक’ हा संपूर्ण शीटमधला आमच्या मते सर्वांत प्रामाणिक शब्द आहे, आणि क्लायंटला फाइल पाठवण्यापूर्वी काढला जातो तोही हाच.

एक वाद मात्र अनिर्णित राहतो. तिसाव्या क्रमांकाचे जैन लेणे, छोटा कैलास, अर्धवट सोडलेले आहे. त्याचे स्टेटस काय लिहावे? एका पक्षाच्या मते ‘इन प्रोग्रेस’, कारण काम थांबवल्याचा आदेश उपलब्ध नाही. दुसऱ्याच्या मते ‘डिफर्ड’, कारण हजारेक वर्षे तिकडे कोणी छिन्नी नेलेली नाही. तिसरा पक्ष म्हणतो, चौकट पिवळी करावी. पिवळ्याचा अर्थ लेजंडमध्ये कोणीच लिहिलेला नसतो, त्यामुळे मीटिंगमध्ये त्यावर प्रश्न येत नाही. प्रस्तुत लेखक तिसऱ्या पक्षाचा आहे.