रात्रीचं डाउनलोड कसं बिघडवावं

साहित्य : फायली डाउनलोड करणारा डब्ल्यूगेट, एक शेल स्क्रिप्ट, मे महिना आणि नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कातली एक खुर्ची.

१. स्क्रिप्ट दुसऱ्याची घ्या. लिहिणारा पुण्याला गेलेला असला तर उत्तमच. वाचत बसू नका. क्रॉनमध्ये रात्री 2 ची वेळ टाका आणि तर्री-पोहे खायला निघा.

२. डब्ल्यूगेट बडबड्या आहे. ह्र्वोये निकशिच यांनी 1996 मध्ये लिहिला तेव्हापासून पत्ता, आकार, वेग, टक्के, सगळं सांगत बसतो. त्याला ‘-क्यू’ लावून गप्प करा. काही शहाणे ‘-एनव्ही’ लावतात. टक्के थांबतात, चुका मात्र दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. कुलरचा आवाज होतो म्हणून आपण पंप बंद करतोच की!

३. लॉग हवाच असेल तर ‘-क्यू’ काढा आणि नुसतं ‘>’ लावा. फाइल कोरी राहील, कारण डब्ल्यूगेट ही बडबड 2 नंबरच्या वाटेनं करतो आणि ‘>’ फक्त 1 नंबरची वाट वळवतं. कोणी ‘2>&1’ सुचवलं तर ते फाइलीच्या नावाआधी टाका. फाइल पुन्हा कोरी! नंतर टाकलं तर लॉग खरंच मिळेल, सांभाळा.

४. लहान ‘ओ’ लॉगसाठी, मोठा ‘ओ’ डाउनलोडसाठी. बिनधास्त अदलाबदल करा. सकाळी ‘डेटा.झिप’ उघडत नाही म्हणून आत डोकावाल, तर झिपऐवजी रात्रभराची बडबड सापडेल.

५. डीबगिंग म्हणजे दर चार ओळींनंतर ‘एको इथं आलो’. ‘बॅश -एक्स’ कटाक्षानं टाळा. ते प्रत्येक आज्ञा पुढे ‘+’ लावून, व्हेरिएबलच्या जागी त्याची किंमत घालून दाखवतं. पत्त्याचं व्हेरिएबल रिकामं होतं हे एका मिनिटात कळलं, तर दिवसभर करायचं काय?

६. डब्ल्यूगेट जाताना आकडा देऊन जातो : 4 म्हणजे नेटवर्क गेलं, 8 म्हणजे सर्व्हरनं चूक कळवली. तो तपासू नका. स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘एको झालं’ ठेवा. एको यशस्वी, म्हणून अख्खी स्क्रिप्ट 0 देऊन बाहेर पडते.

७. साहेबांनी फायलींचं विचारलं, तर ठाम सांगा : “सर, स्क्रिप्ट तं ‘झालं’ म्हणून रायली!”