गाबाचं म्हणे ग्लुटामेटशी जमलंय!

अहो, ऐकलंत का मेंदूतल्या न्यूरॉनांची थेरं? ज्यांनी जन्मभर एकच व्रत पाळायचं, ते एका तोंडानं शेजाऱ्याला ‘पेटून ऊठ’ म्हणतात आणि त्याच तोंडानं ‘गप्प बस’ही म्हणतात! आणि हे एकदोघांचं नाही बरं का. हल्ली ज्या प्रयोगशाळेच्या दाराला कान लावावा, तिथे हीच कुजबुज.

घराण्याची रीत कशी सरळ होती. ग्लुटामेट नावाचं रसायन सोडणाऱ्यांनी शेजारच्या पेशीला चेतवायचं, गाबा सोडणाऱ्यांनी आवरायचं. दोघांत रोटीबेटी व्यवहार नाही. या सोवळ्याला नाव हेन्री डेल यांचं, 1936 च्या नोबेलचे मानकरी. खरं तर डेल इतकं कडक कधी बोललेच नव्हते. एका न्यूरॉनच्या सगळ्या टोकांना एकच रसायन सुटत असावं, एवढाच त्यांचा अंदाज. त्याचा नियम करून 1950 च्या दशकात त्यांच्या नावावर खपवला मेंदूशास्त्रज्ञ जॉन एकल्स यांनी. मग पाठ्यपुस्तकांनी ‘एक न्यूरॉन, एक रसायन’ पोरांकडून घोकून घेतलं.

आणि 2014 साली एकदम दोन भानगडी चव्हाट्यावर! ठिकाण एकच, हॅबेन्युला. थॅलॅमसला खेटून बसलेली इवलीशी जागा. बक्षिसाची आस लावावी आणि पदरात काही पडू नये, की ही खवळते. सान डिएगोच्या संशोधक मंडळींना उंदरांत मेंदूच्या खोलातल्या बेसल गँग्लियाकडून इथे येणारे तंतू ग्लुटामेट आणि गाबा दोन्ही सोडताना सापडले. बाल्टिमोरच्या मंडळींनी मध्यमेंदूतून येणारे तंतू पकडले, त्यांचीही तीच कथा. पकडलं कसं, तेही ऐका. तंतूंत शेवाळातलं प्रकाशाला जागणारं प्रथिन भरायचं, निळा प्रकाश टाकायचा आणि समोरच्या पेशीला बारीक काचनळी लावून प्रवाह मोजायचा. ग्लुटामेटची वाट औषधानं अडवली, तरी आवरणारा प्रवाह आपला चालूच. रंगेहाथ!

बरं, हे दोघं परके असते तर एक वेळ समजलं असतं. गाबा मुळात ग्लुटामेटचंच लेकरू. एक एन्झाइम ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून घेतं, की झाला गाबा तयार. घरातल्या घरात केवढा हा तमाशा!

पण थांबा, नाकं मुरडण्याआधी पुढचं ऐका. नैराश्याच्या अभ्यासासाठी ठेवलेल्या हताश उंदरांत सान डिएगोवाल्यांना गाबाचा वाटा घटलेला दिसला. नैराश्यावरचं औषध दिलं, तर तो वाढला. आवरणारा हात सैल पडला की खवळलेल्या हॅबेन्युलाला धरणार कोण? मला विचाराल तर तिथे दुटप्पीपणा जास्त झाला नव्हता, कमी पडला होता.

आता नवा वाद: दोघं राहतात कुठे? तंतूच्या टोकाशी रसायनं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. बाल्टिमोरवाले 2018 मध्ये म्हणाले, आमच्याकडे चुली वेगळ्या. टोक एकच, पण पिशव्या निराळ्या आणि समोरच्या पेशीशी जुळणारे सांधेही निराळे. हार्वर्डवाल्यांनी 2022 मध्ये बेसल गँग्लियाकडच्या तंतूंत पाहिलं, तर दोघं एकाच पिशवीत! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे. इथे मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाएवढ्या पिशवीत सुखानं नांदतात. तंतू वेगळे, तेव्हा दोन्ही मंडळी खरं बोलत असतील. घरोघरी तऱ्हा निराळ्या.

आणि एवढी बोंबाबोंब करणाऱ्यांनी जरा सशाच्या डोळ्यातही डोकावावं. तिथल्या पडद्यात स्टारबर्स्ट अमॅक्राइन नावाच्या पेशी असतात, समोरची वस्तू कुठल्या दिशेनं सरकतेय ते ताडायला मदत करणाऱ्या. त्या चेतवणारं अ‍ॅसिटिलकोलीन आणि आवरणारा गाबा दोन्ही सोडतात, हे 1992 मध्येच छापून आलं होतं. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. पाठ्यपुस्तकं आपली एकनिष्ठेचे गोडवे गात बसली होती.