गाडीखालचे अप्पा

रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर खुशाल समजावं की अप्पा आत आहेत. नवा भाडेकरू घाबरून वॉचमनला हाक मारतो. वॉचमन शांतपणे म्हणतो, "काही नाही, अप्पांचं सर्व्हिसिंग चाललंय." नेमकं कोणाचं, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

"गाडीत ऑइल कुठलं घालता?" ही अप्पांची ओळख करून घ्यायची पद्धत. "गॅरेजवाला घालतो ते," असं म्हणणाऱ्याकडे ते, पोरगं कितवीत आहे हे ठाऊक नसलेल्या बापाकडे बघावं तसे बघतात. मग शिकवणी सुरू. ५डब्ल्यू-३० मधला पाच थंडीतला आणि तीस इंजिन तापल्यावरचा. आकडा लहान तेवढं ऑइल पातळ. "पुण्यात कसली आलीय एवढी थंडी?" असं कोणी म्हणावं, याची तर ते वाटच बघत असतात. "अहो, रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाला सकाळचे वीस अंशही थंडच! झीज होते ती स्टार्ट मारताना."

तळमजल्यावरच्या भाऊंची मात्र २०डब्ल्यू-४० वर श्रद्धा. जाड तेल म्हणजे इंजिनाला आधार, हे त्यांचं मत पद्मिनीच्या काळात बनलं आणि पद्मिनी गेल्यावरही टिकलं. "तेव्हा ठीक होतं. आता इंजिनातल्या फटी बारीक झाल्यात, भाऊ," असं म्हणून अप्पा मॅन्युअल उघडतात. त्याला तपकिरी कव्हर आहे. नाव-इयत्ता तेवढी लिहायची राहिली आहे.

खरेदी नाना पेठेतच. डब्याचं सील अप्पा तीन बाजूंनी तपासतात, कारण भेसळीचा माल. ड्रेन बोल्टचा वॉशर काही रुपयांचा, पण तो दरवेळी नवा. इंजिन जरा कोमट करून ऑइल सोडायचं, म्हणजे गाळ त्याबरोबर निघून येतो. ते घमेल्यात जेवढं पडतं तेवढंच कोपरापर्यंतही येतं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर ऑइल लावून तो हातानेच आवळायचा. पान्याने आवळणारा माणूस पुढच्या वेळी फिल्टर फोडूनच काढतो, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. मग डिपस्टिक. ती पुसायला मऊ सुती कापडच लागतं. काकूंची एक साडी कुठे गेली, याचा उलगडा काकूंना इथेच, पार्किंगमध्ये झाला.

काळं तेल वाळवीसाठी मागायला लोक येतात. अप्पा थेंब देत नाहीत. जमिनीत मुरवायचं म्हणजे पाप. डब्यात भरून ते कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पिंपात नेऊन ओततात. वर्षभर ज्या मिस्त्रीचा उद्धार करायचा, त्याची पायरी चढण्याचा हा एकच प्रसंग. मिस्त्री चहा पाजतो. त्याला बहुधा सगळं ठाऊक असतं.

एवढं करून गाडी जाते कुठे? मंडईत आणि नाना पेठेत. दहा हजार किलोमीटर व्हायला तिला पाच वर्षं लागतील. मग दर सहा महिन्यांनी ऑइल कशाला, असं विचारायची सोय नाही. "म्हणूनच तर! एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापत नाही. आतलं पाणी, न जळलेलं पेट्रोल, सगळं ऑइलात उतरतं. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल लवकर बदलायचं, मॅन्युअलमध्येच दिलंय." आपण ते वाचायला मागतो. दुर्दैवाने तसं खरोखरच दिलेलं असतं. गाडी जरा लांब फिरवून आणावी, हाही एक उपाय आहे, पण रविवारी ती ठोकळ्यांवर असते.

मध्यंतरी मुलीने इलेक्ट्रिक गाडी घेतली. इंजिनच नाही, तर ऑइल कुठलं? दोन दिवस अप्पा जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या गाडीचं मॅन्युअल हातात घेऊन खाली आले, चेहरा उजळलेला. "ब्रेक ऑइल आहे! हवेतली ओल ओढतं ते. गाडी उभी असली तरी बदलावंच लागतं!"

मुलीने त्या रविवारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ठेवली.