पुराव्याची चौथी पायरी

अमेरिकेतल्या लोकांना एक विचित्र खोड आहे. शाळेसाठी एखादं पुस्तक किंवा संच घ्यायचा म्हटलं की ते विचारतात, यानं मुलांना काही येतं का? २००१च्या त्यांच्या शिक्षण कायद्यात तर ‘शास्त्रीय संशोधनावर आधारित’ हे शब्द शंभराहून जास्त वेळा आले होते. २०१५च्या नव्या कायद्यानं पुराव्याच्या चार पायऱ्याच बांधल्या. पहिली सगळ्यात वरची: चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला पुस्तक द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजायचा. दुसरीत तुलना असते, चिठ्ठ्या नसतात. तिसरीत नुसता संबंध दिसला तरी चालतं. चौथी मात्र गोड आहे. हाती ठोस काही नाही, पण आजवरचं संशोधन बघता उपयोग व्हावा असं वाटतं आणि तपासणी चालू आहे, एवढं दाखवलं की झालं. मागे पडलेल्या शाळांच्या खास निधीला ही पायरी चालत नाही, बाकी पुष्कळ ठिकाणी चालते.

हे सगळं मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “म्हणजे आम्ही चौथ्या पायरीवर आहोतच की. फक्त ते तपासणीचं तेवढं सोडून.”

त्यांच्या टेबलावर व्यवसायमालेचे गठ्ठे होते. मुखपृष्ठावर ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’, खाली ‘अनुभवी शिक्षकांनी तयार केलेली’, आत ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ असा जांभळा शिक्का. शाळेत पुरावा कोण मागतो, असं मी विचारलं.

“मागतात ना! मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न, किती टक्के?”

“मुलं किती टक्क्यांनी सुधारली?”

“नाही हो. कमिशन.”

खासगीवाल्यांना तरी का नावं ठेवा. मार्च २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घालायची, म्हणजे वह्या नकोत आणि दप्तर हलकं. कल्पना वाईट नव्हती. पण थोड्या शाळांत वर्षभर करून, काटा आणून दप्तर तोलावं, हे कुणाला सुचलं? प्रयोग थेट राज्यभर. तुलनेला दुसरा गट ठेवायचा तर तो गोव्यातून आणावा लागला असता. पोरांनी काय केलं, तर कोऱ्या पानांचं पुस्तक घेतलं आणि वर वहीसुद्धा घेतली, कारण बाई म्हणाल्या, वहीत लिहा. जानेवारी २०२५मध्ये निर्णय मागे. वह्या येतातच आणि दप्तराचं ओझं काही कमी झालेलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. एक मात्र कबूल करायला हवं, आपण निष्कर्षापर्यंत पोचलो. पुस्तकाचा परिणाम बघून पुस्तक बदलणं ही आपल्याकडे दुर्मीळ घटना आहे, अगदी पुस्तक छापून, वाटून आणि पाठीवर लादून झाल्यावर का होईना.

प्रकाशकांनी यातून बोध घेतला. “कोऱ्या पानांनी सरकारचं काय झालं बघितलंत ना? आम्ही एकही जागा कोरी ठेवत नाही. सगळी उत्तरं छापूनच देतो. मुलांचं काही चुकतच नाही.”

आता पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर ‘संशोधनावर आधारित’ असं सोनेरी अक्षरात यायचंय. संशोधन कुणाचं, एवढं विचारलं.

“ती एक ओळ रिकामी सोडलीय. शाळेनं आपापला शिक्का मारायचा.”