काळाचा तास

क्रियापदाच्या रूपाला 'काळ' हे नाव आमच्या व्याकरणशास्त्राने फार प्राचीन काळापासून देऊन ठेवले आहे. आणि ज्या एका शब्दाने आपण भिंतीवरच्या घड्याळाची गती, क्रियापदाची विकृती आणि रेड्यावर बसून येणाऱ्या यमराजाची स्वारी या तिन्हींचा निर्देश करतो, तोच शब्द शाळकरी पोरांच्या कपाळी लिहिण्यात पूर्वसूरींनी केवढी दूरदृष्टी दाखविली, हे इंग्रजीचा अभ्यास केलेला कोणीही मनुष्य प्रतिज्ञेवर सांगू शकेल.

आमच्या शाळेत दर शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, म्हणजे पोटात भाकरी आणि डोळ्यांत झोप उतरण्याच्या ऐन मुहूर्तावर, काळाचा तास असे. एका हाती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसऱ्या हाती निरगुडीची छडी घेऊन मास्तर वर्गात प्रवेश करीत. तीन काळ आणि प्रत्येकाच्या साधा, चालू, पूर्ण व चालू-पूर्ण अशा चार अवस्था मिळून जे बारा बलुतेदार होत, त्यांच्यापैकी साधा आणि चालू यांच्याशी माझे बरे जमले. परंतु जे पूर्ण झाले ते चालू कसे आणि जे चालू आहे ते पूर्ण कसे, ही माझी रास्त शंका मास्तरांनी छडीच्या द्वारे निकालात काढली. पुढे सरकारी कचेरीत तीस वर्षे कारकुनी केली, 'प्रकरण पूर्ण' असा शेरा पडून, मोहोर उमटून, दप्तर बांधून झाल्यावरही तीच प्रकरणे वर्षानुवर्षे चालू राहिलेली पाहिली, आणि मग चालू-पूर्ण काळाचा अर्थ मला आपोआप उलगडला.

एकदा मास्तरांना लहर आली आणि त्यांनी 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' या म्हणीचे इंग्रजी करण्यास मला उभे केले. म्हणीत पूर्ण भूतकाळ आहे हे मी बरोबर ओळखले, 'हॅड' जागच्या जागी बसविले, आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "टाइम हॅड कम, बट टाइम हॅड नॉट कम." व्याकरणदृष्ट्या या वाक्यात तिळमात्र दोष नव्हता. मास्तर बराच वेळ स्तब्ध उभे राहिले, आणि मग छडी टेबलावर ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले. त्या दिवशी माझ्यापुरती ती म्हण अक्षरशः खरी ठरली.

इतक्या पूर्वपीठिकेचा मनुष्य कोणाला इंग्रजी शिकवील असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. परंतु माझ्या पुतणीचे लग्न लंडनला नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरले, आणि घरात एकटा मीच सेवानिवृत्त, म्हणजे कायद्याने रिकामा, असल्यामुळे तिच्या शिकवणीचा हुकूम माझ्या नावे निघाला. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण आणले. या जोडीतील रेनसाहेब म्हणजे हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात चाकरी करून गेलेले गृहस्थ. त्यांनीच 1924 साली परदेशी पलटणीतल्या शिपायांवर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून मोठे नाव मिळविले. रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय सोडविताना, सहारा वाळवंटात निष्कारण दौड करावी लागणाऱ्या शिपायांविषयी त्यांना इतका जिव्हाळा का असावा, याचा मला थोडा उलगडा झाला.

पुतणीने पहिलेच वाक्य केले, "आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स." मी पाच वर्षे पुण्यात राहते आहे, याचे हे प्रामाणिक भाषांतर, त्यात चूक एवढीच, की ते इंग्रजीत अंगरखा घालून आलेले मराठी होते. मी तिला कचेरीच्या परिभाषेत समजावले, "हे बघ, सिन्सला रुजू झाल्याची तारीख लागते आणि फॉरला नोकरीची मुदत. शिवाय मागे सुरू झालेले काम आजही चालले असेल, तर नुसत्या 'ॲम'वर भागत नाही. 'हॅव बीन' अशी जादा सही घ्यावी लागते." ती म्हणाली, "आणि मी त्याला काल पाहिलं आहे, हे?" मी म्हणालो, "ते नामंजूर. 'हॅव' एकदा दाखल झाला, की त्या वाक्यात 'काल'ची तारीख घालायला सक्त मनाई."

"पण काका, आपल्या मराठीत एवढी तपासणी कुठे असते?"

तिचा प्रश्न मार्मिक होता. दारात उभ्या असलेल्या मित्राला आपण 'आलोच' म्हणतो, तेव्हा अंगात सदरा चढलेला नसतो; तरी भूतकाळ वापरून त्याला धीर देतो. पायाला ठेच लागली की 'मेलो' म्हणून धडधाकट मनुष्य आपल्या मृत्यूची वर्दी स्वमुखाने देतो. उद्या पाऊस पडला तर छत्री घेऊ, या वाक्यात न पडलेला पाऊसही आपण आधीच पाडून ठेवतो. आपल्याकडे काळ हा समोरच्याचे मन राखण्यासाठी असतो. घड्याळाशी त्याचे नाते दूरचे.

इंग्रजीचा भविष्यकाळ तर मला नेहमीच गूढ वाटत आला. येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराच्या मते इंग्रजी क्रियापदाला स्वतःचे असे दोनच काळ आहेत, वर्तमान आणि भूत. भविष्याची सोय 'विल' आणि 'शॅल' या उसन्या मजुरांकडून करून घेतात. त्यांतील 'विल'चा मूळ अर्थ इच्छा करणे, आणि 'शॅल'चा मूळ अर्थ देणे लागणे. ज्या राष्ट्राच्या राज्यावर सूर्य मावळत नसे, त्याच्या भाषेला उद्याचा दिवस इच्छा आणि कर्ज यांच्या आधारानेच उभा करावा लागावा, हे वाचून मला त्या साहेबलोकांविषयी प्रथमच आपुलकी वाटली. कारण महिन्याच्या 25 तारखेनंतर आमच्या आळीतील प्रत्येक कारकुनाचे भविष्य याच दोन धातूंवर चालत असे.

'गो'चे 'वेंट' कसे होते, यावर ती एका संध्याकाळी रुसली. 'वेंट' हे 'वेंड' नावाच्या वेगळ्याच धातूचे रूप 'गो'ने बळकावले आहे, असे मी सांगताच तिने ही सरळसरळ लबाडी असल्याचा निवाडा दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आपणही 'जातो' म्हणतो पण 'जाला' म्हणत नाही. 'जा' संस्कृत 'या' धातूतून आला आणि 'गेला' आला 'गम्' धातूतून. जाणारा मनुष्य ज्या रूपाने निघतो त्या रूपाने गेलेला राहत नाही, एवढ्या एका बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे.

निघण्याच्या दिवशी तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते हं काका." मी सवयीने म्हणालो, "इंग्रजीत सांग." तिने क्षणभर विचार केला, तोंड उघडले, मिटले, आणि पुन्हा "येते" म्हणाली. रेन आणि मार्टिन यांची चारशेंवर पाने पालथी घालूनही या क्रियापदाचे इंग्रजी आम्हां दोघांना सापडले नव्हते.

तीन आठवड्यांनी तिचे पत्र आले. त्यात 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री वीक्स' हे वाक्य निर्दोष होते, आणि दिवाळीला येण्याचा बेत ठरल्याचे चालू वर्तमानकाळात लिहिले होते. ठरलेल्या बेताला इंग्रजीत तो काळ चालतो, म्हणून मी लाल शाई उचलली नाही. दिवाळीला अजून पाच महिने आहेत. आमच्या वहिनींनी मात्र पत्र ऐकून डोळ्यांना पदर लावला, "आलीच म्हणायची पोर," असे म्हणाल्या, आणि भाजणीच्या डब्याचे झाकण काढून पाहिले.