जिल्ह्यात बेरोजगार निरंक

आमच्या जिल्ह्याचा विकास यापुढे अंदाजपंचे दाहोदरसे होणार नाही, डेटाच्या आधारे होणार आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी तसं जाहीर केलं आणि सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठल्या डेटाच्या, हे कोणी विचारलं नाही. बैठक अकराची होती, पालकमंत्री दोनला आले होते आणि जेवणं निवत होती.

तो प्रश्न दुसऱ्या दिवशी 'तात्काळ'चा शेरा घेऊन जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन पडला. जिल्ह्यात काम करणारे हात किती, कोणाला काय येतं, कुठे किती माणसं हवीत, सायंकाळपर्यंत कळवावे. सांख्यिकी अधिकाऱ्यांनी कपाटातून 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढलं. हे पुस्तक सरकार नेमाने काढतं आणि त्यात गाई-म्हशींपासून सहकारी संस्थांपर्यंत सगळं तालुकावार मांडलेलं असतं. माणसं मात्र २०११ च्या जनगणनेतली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे. २०११ साली पहिलीत बसलेलं पोर आज पदवीचा कागद घेऊन बसस्टँडवर उभं आहे, पण समालोचनात ते अजून पाढेच म्हणतंय. धंदे किती, दुकानं किती, हे सांगणारी सहावी आर्थिक गणना २०१३ ची. सातवी २०१९ मध्ये सुरू झाली, तिचे आकडे काही बाहेर आले नाहीत.

मग मोर्चा वळला रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडे. इथली पद्धत मला फार आवडते. बेरोजगाराने नाव नोंदवायचं आणि ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करायचं. कॉल येत नाही म्हणून पोरगं कंटाळतं, नूतनीकरण करत नाही, नाव गळतं. नावं गळाली की जिल्ह्यातली बेरोजगारी घटते. इतक्या स्वस्तात बेरोजगारी हटवणारी दुसरी योजना मला तरी ठाऊक नाही.

रिकाम्या जागांचा तक्ताही तिथेच मिळाला. कामगार किती, जागा किती रिकाम्या, हे कारखान्यांनी दर तीन महिन्यांनी कळवावं असा १९५९ चा कायदा होता. जागा कळवली नाही तर पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. कळवली तरी भरती त्याच कार्यालयातून करा, अशी सक्ती नव्हती. तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या कामाला तर कायदा लागूच नव्हता. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आहे. आमच्या फायलीतले तक्ते त्याच्याच काळातले. त्यात प्रत्येक कारखान्यापुढे 'रिक्त पदे' या रकान्यात एकच शब्द : निरंक. त्याच कारखान्यांच्या गेटवर रोज सकाळी ठेकेदाराची गाडी माणसं उतरवते. पण ती माणसं ठेकेदाराची, कारखान्याची नव्हेत. त्यामुळे तक्ता खोटा आहे असंही म्हणता येत नाही.

हे सगळं पुढच्या बैठकीत मांडलं जात होतं, तेवढ्यात कोणीतरी दिल्लीचा आकडा आणला. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. पालकमंत्र्यांचा चेहरा उजळला. त्याच अहवालात १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे, हे सांख्यिकी अधिकारी सांगणार होते, पण स्वीय सहाय्यकांनी त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं.

"साहेब, हा देशाचा आकडा आहे. आपल्या जिल्ह्याचा नाही," तरी अधिकारी बोललेच.

"आपला जिल्हा देशात नाही का?" पालकमंत्री म्हणाले. यावर सरकारी नोकरीत उत्तर नसतं.

खरं तर हे सर्वेक्षण प्रामाणिक आहे. त्याच्या व्याख्या जगभर चालतात तशाच आहेत आणि जानेवारी २०२५ पासून तर ते दरमहा होतं. साप्ताहिक हिशेबात मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. वडिलांच्या पानटपरीवर बिनपगारी बसणारा इंजिनिअरही रोजगारातच. एमपीएससीच्या अभ्यासिकेत सहावं वर्ष काढणारी, पण दुसरं काम न शोधणारी मुलगी विद्यार्थिनी, म्हणजे श्रमबलाच्या बाहेर. बेरोजगार म्हणवून घ्यायला काम न करता शोधत बसण्याची ऐपत लागते; ती आमच्याकडे फार कमी घरांत आहे. देशाचा कल पाहायला हा आकडा उत्तम. पण कुठल्या तालुक्यात कसलं प्रशिक्षण काढावं हे त्याला विचारणं म्हणजे वेधशाळेला आपल्या गच्चीवरचे पापड वाळतील का, असं विचारणं.

तसंही जिल्ह्यातल्या नव्या औद्योगिक वसाहतीची जागा डेटा मागवण्याआधीच ठरली होती. तिथे पाणी नाही आणि शेजारच्या गावात तरुण उरलेले नाहीत, हे समालोचन न उघडताही दिसतं. मात्र गेल्या दोन वर्षांत तिथल्या जमिनी कोणी घेतल्या, हे सातबाऱ्यावर पाहायला मिळतं. जिल्ह्यातला सर्वात ताजा डेटा तोच.

प्रशिक्षणाचंही तसंच. आमच्याकडे शीतगृहाचं यंत्र बंद पडलं की मिस्त्री शहरातून येतो, तोवर डाळिंबं पेटीतच नासतात. किती मिस्त्री लागतील, हे शीतगृहवाल्यांना चहा पाजून तासाभरात कळलं असतं. पण अभ्यासक्रम ठरला शिवणकाम आणि डेटा एंट्रीचा. संस्थेकडे शिलाई यंत्रं आणि संगणक आधीच पडून होते, आणि संस्था कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

अखेर इतिवृत्तात ठराव आला : जिल्ह्याचं स्वतंत्र श्रमबाजार सर्वेक्षण करावं. त्यासाठी सुशिक्षित बेरोजगार मानधनावर घ्यावेत. सांख्यिकी अधिकाऱ्यांनी भीत भीत विचारलं, "साहेब, सर्वेक्षण करणाऱ्या पोरांची नोंद कशात करायची?"

"त्या आठवड्यात तासभर तरी काम करतील ना?"

"करतील."

"मग रोजगारात. आणि बेरोजगाराच्या रकान्यात काय लिहायचं, ते तुम्हाला माहीत आहेच."

मानधनासाठी तरतूद किती, हा मुद्दा शेवटचा होता. तिथेही तेच लिहिलं आहे.