कानातला फाया

अत्तर लावणाऱ्याची गोची अशी, की आपण काय लावलंय हे सगळ्यात कमी त्यालाच कळतं. एकच वास थोडा वेळ समोर राहिला की नाक त्याची दखल घेणंच सोडतं. मग गृहस्थाला वाटतं, उडालं वाटतं सगळं. तो आणखी चार फवारे मारतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. पुढचे सात मजले बाकीचे श्वास रोखून उभे.

पूर्वी मात्रा ठरलेली असे. कापसाचा फाया अत्तरात बुडवून कानाच्या वळशात खोचायचा, की झालं. वास कुणाला? तर कानाशी लागून काहीतरी खासगी सांगणाऱ्याला. लग्नात दाराशी कुणीतरी अत्तरदाणी घेऊन उभं असे. हात पालथा पुढे करायचा, एक बोट लावून घ्यायचं, गुलाबपाण्याचे चार शिंतोडे झेलायचे आणि पंगतीकडे वळायचं. दुसऱ्यांदा हात पुढे करणाऱ्याकडे लोक बघत. ऋतूही ठरलेले: उन्हाळ्यात वाळा नाहीतर मोगरा, थंडीत ऊबदार हिना. भर वैशाखात हिना लावून येणाऱ्यांबद्दल माझं मत आजही बरं नाही.

कनौजला ही अत्तरं अजून तांब्याच्या डेगेत निघतात. फुलं-पाणी खालच्या जाळावर उकळतं, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. भाजलेल्या मातीचंसुद्धा अत्तर काढतात; पहिला पाऊस कुपीत भरायची ही हौस आपल्याच लोकांना सुचावी. या तेलात अल्कोहोल नसतं, म्हणून ते फार लांब जात नाही, अंगालगत रेंगाळतं.

फवाऱ्याच्या बाटलीचं तंत्र वेगळं. ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण 2 ते 4 टक्के, ओ द त्वालेतमध्ये 5 ते 15, ओ द पार्फंमध्ये 15 ते 20; बाकी मुख्यतः अल्कोहोल. तेव्हा पार्फं कोलोनच्या हिशेबाने मारू नये, एवढं कळलं तरी ऑफिस सुखी होईल. त्यातही लिंबू-संत्र्याचे हलके वास आधी उडतात, मग गुलाब-जाई बोलू लागतात, तळाशी चंदन-कस्तुरी उरते. दुकानातली कागदी पट्टी म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम: तिथे लिंबू गोड बोलतं, संसार मात्र चंदनाशी करायचा असतो. त्यापेक्षा मनगटावर लावावं, मंडईत एक चक्कर मारून यावी आणि मग पाकीट काढावं.

कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. आधी बोटभर व्हॅसलिन लावावं. मोती मात्र अत्तरानंतर घालावेत, आणि पैठणीवर फवारा मारणाऱ्याला आई काय म्हणेल ते मी लिहीत नाही.

जास्त झालं का, हे स्वतःच्या नाकाला विचारण्यात अर्थ नाही, घरच्यांना विचारावं. आमच्याकडे उत्तर तोंडी मिळत नाही. पंखा दोनवर असेल तर निघावं. पाचवर गेला की मुकाट्याने मनगट धुऊन यावं.